मागे नेलेली तारीख

बाबा, आज सकाळीही दुकान उघडल्यावर मी आधी संगणकाची तारीख मागे नेली. टायपिंगच्या जुन्या परीक्षांचे निकाल असलेलं ते संकेतस्थळ अजून तसंच आहे. नव्या ब्राउझरला ते दिसतच नाही. तुमच्या पेनड्राइव्हमधल्या जुन्या ब्राउझरमध्ये तेवढं उघडतं, आणि तेही आपण त्याच काळात आहोत असं संगणकाला वाटलं तरच. मग मी त्याला तसं वाटू देते. बाहेर, दुकानासमोरच्या द्वारका चौकात हॉर्न वाजत असतात आणि आत, पंख्याखाली, तुम्ही होतात ते वर्ष चालू असतं. परवा एक काका पडद्याकडे बघून म्हणाले, "ताई, तुमचं घड्याळ लय मागं हाय." मी म्हटलं, "असू द्या काका, चालतंय."

हाच पेनड्राइव्ह मी एकदा पुसला होता. कॉलेज संपवून नुकतीच दुकानात बसायला लागले होते, शहाणपण उतू जात होतं. त्यातला तो जुनाट पसारा पाहून मला हसू आलं. सगळा काढला आणि माझी गाणी भरली. दुसऱ्या दिवशी मनमाडहून एक माणूस निकालाची प्रत घ्यायला आला. संध्याकाळपर्यंत ती दाखवली नसती तर त्याची नोकरी हुकणार होती. मी बटणं दाबतेय, पडदा पांढराच. तो उठून गेला आणि भरल्या दुकानात तुम्ही म्हणालात, "विचारायची पद्धत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

मी आलेच नाही. सिन्नरला नोकरी धरली, तिथेच खोली घेतली. दिवाळीला घरी यायचे, तुम्ही विचारायचात, "जेवलीस?" मी म्हणायचे, "हो." एवढंच. तुम्ही एकदा 'ये' म्हणावं म्हणून मी अडून बसले होते, आणि तुम्ही त्याआधीच गेलात.

नंतर दुकानाचं शटर मीच वर केलं. पेनड्राइव्हमध्ये तो जुना ब्राउझर तुम्ही पुन्हा मिळवून भरून ठेवला होता. पडद्याच्या कडेला तुमच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती: काय उघडायचं, तारीख कोणती घालायची. त्या संकेतस्थळाला त्याच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपण्याआधीचा कुठलाही दिवस चालतो, बाबा. हजार दिवस होते. तुम्ही निवडलात तो त्या भांडणाच्या आदला दिवस. त्या सकाळी तुम्ही मला दुकानाची दुसरी किल्ली दिली होती आणि म्हणाला होतात, "आता तूही उघडत जा." मी खुर्चीत बसून खूप रडले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगते. आई विचारायची, "त्यांनी कधीच बोलावलं नाही का गं तुला?" मी नाही म्हणायचे, अजूनही तेच सांगते. पण एका शनिवारी मी द्वारका चौकापर्यंत आले होते. रस्त्याच्या पलीकडे उभी होते. तुम्ही दारात आलात, मला पाहिलंत आणि हात केलात. मी तो पाहिला, बाबा, आणि सिन्नरच्या गाडीत चढले.