पदरावरची काजळी

रविवार, मे १९७६. कनेरगाव नाका

शांताचं लग्न लागलं. बहिणीच्या लग्नाच्या दिवशी आनंदात असायला हवं, पण तो पदर डोळ्यांपुढून जाईना.

मागे एका लग्नात चढावर ट्रॅक्टर दमला आणि वऱ्हाडाला ट्रॉलीतून उतरून चालावं लागलं. शांताच्या वेळी तसं नको म्हणून काल मीच इंजिनात डिझेल फवारणारे मोठ्या भोकाचे नोझल बसवले. मेकॅनिक ना मी. डिझेल जास्त गेलं की जोर जास्त, एवढंच डोक्यात. हवा तेवढीच राहणार, मग ते जळणार कसं, हे काहून सुचलं नाही? ट्रॉली न जोडताच फिरवून पाहिला आणि खूश झालो.

आज भरलेली ट्रॉली घेऊन एका दमात चढला. पण काळा धूर सगळा मागे, ट्रॉलीत बसलेल्यांवर. नवरीची पांढरी साडी, पदरावर काजळी.

पुसेगावात मांडवाच्या दारात नवऱ्याकडच्यांनी विचारलं, "हे काय झालं?" मी ड्रायव्हर सदाशिवमामांवर ओरडलो, "इतकं दाबून काहून चालवलं?" काल नोझल बसवताना पाना त्यांनीच हातात दिला होता. तरी माझं नाव न घेता मान खाली घालून उभे राहिले.

शांताने पदर दुमडून काजळी आत घेतली आणि बुद्धवंदनेला बसली. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, मामाला आता काही बोलू नको. त्यांनी मुद्दाम थोडंच केलं."

मी म्हणालो, "बरं, न्हाई बोलत."