ठकीचा घरचा अभ्यास

३ सप्टेंबर

शी! वाटाणे नाकात. मोजायला दिलेले वाटाणे! एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि वर मलाच विचारते, आजोबा, आता वाटीत किती उरले? मी लेकीला हाक मारली. ती हसत हसत आली, ठकीला जोरात शिंकरायला लावलं, वाटाणे धुतले आणि परत वाटीत टाकले. म्हणे, चालू द्या तुमचं. उभा जन्म कोट शिवण्यात गेला, आणि आता बसलोय नातीच्या नाकातले वाटाणे मोजत!

बालवाडीचं नवीन खूळ आहे हे. घरी रोज गणिताचा सराव करायचा. पाटी नाही, पेन्सिल नाही, पाढे तर नाहीतच. घरातल्याच वस्तू मोजायच्या, जोड्या लावायच्या, कमी कुठे नि जास्त कुठे ते सांगायचं. आणि बरोबर एक मोठं माणूस बसलंच पाहिजे म्हणे. लेक आणि जावई दिवसभर कामावर. मग मोठं माणूस उरलं कोण? मी.

नाही म्हणणार होतो. पण लेक म्हणाली, "बाबा, ठकीचा एवढा अभ्यास नीट होऊ दे, मग दुकानाच्या किल्लीचं बघू." दुकान माझं, किल्ली माझी, आणि ती हिच्या ड्रॉवरमध्ये. दवाखान्यातून घरी आलो त्या दिवसापासून. मागितली की विषय बदलते. किल्लीसाठी बसतो, नाहीतर त्या वाटीकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

५ सप्टेंबर

मोजे. जोड्या लावणे. लेकीने घरातल्या सगळ्या मोज्यांचा ढीग पलंगावर ओतला. धुतलेले आहेत म्हणते. जावयाचे मोजे नदीत नेऊन धुतले तरी वास जायचा नाही. ठकीने अर्धे स्वतःकडे ओढले, अर्धे माझ्यापुढे सारले आणि पटापट गोळे करून टाकले. माझ्या वाट्याला शेवटी एक निळा आणि एक काळा उरला. म्हटलं, जावई असेच घालत असेल, त्याचा काही नेम नाही. तर ही म्हणते, निळ्याचा भाऊ तुझ्या मांडीखाली आहे. होता. मुद्दाम लपवला असणार कार्टीने.

गल्लीतली पोरं खाली तिला खेळायला बोलवत होती. गेली नाही. खिडकीतून ओरडली, मला अभ्यास आहे! पाच वर्षांची पोर, खेळायचं सोडून मोजे हुंगत बसते. कसली ही शाळा!

६ सप्टेंबर

पेन फालतू आहे. ओळ सरळ जातच नाही. जावई कुठून कुठून फुकटातली पेनं आणतो.

८ सप्टेंबर

आज वरून नवा फतवा आला. बटणं मी एक एक उचलून द्यायची, ठकीने घ्यायची, आणि दोघांनी मोठ्याने मोजायचं. तेही उजव्याच हाताने. शाळेला माझ्या हाताशी काय करायचंय? लेकीला विचारलं तर गडबडली. मग म्हणाली, मोठ्यांचं बघून मुलं शिकतात, बाबा. बरं बाई. उजवा हात अजून जरा जड आहे. दवाखान्यात सुया टोचून टोचून त्याची वाट लावली त्यांनी.

आणि डबा कुठला, तर माझा! दुकानातला, कापायच्या टेबलाखालचा. कोटाची शिंगाची बटणं, शर्टाची शिंपल्याची, पितळी, एक एक वेचून जमवलेली. लेकीने मला न विचारता उचलून आणला. ठकीने पहिलंच शिंपल्याचं बटण तोंडात घातलं, चोखलं आणि "हे गोड नाही" म्हणून परत डब्यात टाकलं. त्यावर बिस्किटाचा लगदा. पुढचं बटण काढायला मी हात घातला आणि बोटाला ते लागलं. शी शी शी! साबणाने हात धुऊन आलो. आलो तर दुसरं तोंडात.

९ सप्टेंबर

भांडण झालं. मी म्हटलं आठ बटणं. ती म्हणते सात. आणि वर "आजोबा, परत मोज"! मला! ज्या माणसाने आयुष्यात माप कधी कागदावर लिहिलं नाही. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं, टेप फिरली, की छाती, कंबर, बाही, सगळं डोक्यात. पुढच्या वर्षी आलं तरी टेप काढायची गरज नाही. गावात दुसरा एक शिंपी दाखवा असा! आणि ही, अजून दुधाचा दात पडला नाही, मला शिकवते — "बोट लावून मोज ना, मी करते तसं. बोट लावलं की ते पळत नाही."

माझं बोट धरून तिने एकेका बटणावर टेकवलं. चिकट हात तिचे. सात निघाली. मधेच एक काढून घेतलं असणार तिने. पण म्हटलं, पोरीचं मन कशाला मोडा, आणि सात कबूल केलं. तर टाळ्या पिटल्या तिने! लेक स्वयंपाकघरातून धावत आली, तिचे डोळे भरलेले. कांदा चिरत होती.

९ सप्टेंबर

वर बघतो तर कालच्या पानावरही नऊच. कालची चुकली असणार. खोडत नाही, पान घाण होतं.

११ सप्टेंबर

आमचा कारागीर भेटायला आला. माझ्या हाताखाली शिकला, मशीन कसं पुसायचं तेही मीच शिकवलं. आता दुसरीकडे शिवतो. खुर्चीच्या अगदी काठावर बसला आणि तब्येत कशी आहे ते पुन्हा पुन्हा विचारत राहिला, जणू मी उद्या मरणार आहे! मला अशा बोलण्याचा तिटकारा आहे.

मग मीच वकिलाच्या कोटाचा विषय काढला. किती दिवस पोटात ठेवणार? एक बाही मनगटापर्यंत, दुसरी त्याच्या चार बोटं वर. वकिलाने दुकानात, चार माणसांत, तो अंगात घालून हात पुढे केले, आणि ती माणसं हसली. माझ्या दुकानात माझ्या कोटाला हसली. त्याच आठवड्यात मला चक्कर आली, दवाखाना झाला, आणि घरच्यांना कुलूप घालायला निमित्त मिळालं. मी कारागिराला स्पष्ट म्हटलं, कापताना तुझं लक्ष कुठे होतं? तो खाली बघून म्हणाला, "मालक, दोन्ही बाह्यांचं माप तुम्हीच तोंडाने सांगितलंत. मी दोनदा विचारलं होतं." माझ्या तोंडावर! शिवाय निघताना पाया पडला. चूक स्वतःची, ढकलायची माझ्यावर, आणि मग पाया पडायचं. असल्या गोडबोलेपणाची किळस येते.

१३ सप्टेंबर

आजचा अभ्यास: जेवायच्या ताटल्या मांडणे. ठकीने विचारायचं, आपण किती जण? मी सांगायचं, मी मांडायच्या. पोरीचा अभ्यास आणि हमाली माझी! तीन म्हटलं, तीन मांडल्या. सगळे बसलो. जावई हात धुऊन आला, टेबलाकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, आणि ओट्यापाशी जाऊन पातेल्यातूनच खायला लागला. उभ्या उभ्या, डावाने! भुरके मारत! काय ही ओंगळ सवय. ताटली घ्यायला काय झालं होतं? मी तसं म्हटलंही. ठकी तेवढी म्हणाली, उद्या परत करू हं आजोबा. लेकीने तिच्यावर डोळे वटारले.

१४ सप्टेंबर

किल्ली मागितली. "अजून थोडे दिवस." संपलं.

१५ सप्टेंबर

लेकीला ताप. ठकीला शाळेतून आणायला मी गेलो. बरंच झालं. त्या बाईंना चार शब्द सुनवायचेच होते.

वर्ग म्हणजे उकिरडा. खळ, ओला रंग, कोणाची तरी चड्डी खराब झालेली, त्यावर फिनेलचा वास. बुटाखाली काहीतरी चिकटलं ते घरी येईपर्यंत निघालं नाही. बाई बऱ्या होत्या, तरुण, ओढणीला रंग लागलेला. मी म्हटलं, बाई, हे वाटाणे, मोजे, बटणं, ताटल्या, हे गणित आहे? पाच वर्षांच्या पोरीला सरळ पाढे घाला. आणि मी कुठला हात वापरायचा हे शाळेने मला सांगू नये.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "आजोबा, आम्ही घरचा अभ्यास देतच नाही. एवढ्याशा मुलांना कसला अभ्यास?" मी म्हटलं, नीट आठवा. तर म्हणतात, ठकीला तर काही शिकवावंच लागत नाही. वर्गात ज्यांना मोजता येत नाही त्यांच्या शेजारी त्या तिला बसवतात. ती त्यांचं बोट धरून मोजून घेते, आणि कोणी चुकलं तरी हसत नाही.

घरी येईपर्यंत ठकीशी बोललो नाही. तिने हात धरला होता, मी सोडवून घेतला.

म्हणजे लेक खोटं बोलली. रोज. माझ्या डोळ्यांत बघून! का, ते सांगायला ज्योतिषी नको. पोर सांभाळायला फुकटचा म्हातारा हवा, आणि म्हातारा घराबाहेर पडू नये म्हणून किल्लीचं गाजर. माझी पोटची पोर! दुसऱ्या कोणाची असती तर राग आला असता. आत्ता नुसती शिसारी येते. ही औषधं देते ती घ्यायलाही नको वाटतं.

१६ सप्टेंबर

दुपारी लेक तापात झोपली होती. ड्रॉवर उघडला, किल्ली घेतली, गेलो.

कुलूप उघडायला वेळ लागला. आत कुबट वास, कापडाच्या ठाणांवर उंदरांच्या लेंड्या, मशीनवर धूळ. रडायला आलं. वकिलाचा कोट तसाच खुंटीला, वर जुनी चादर. काढून टेबलावर पसरला. म्हटलं, कारागिराची चूक एकदा मापून ठेवतो, म्हणजे लेकीच्या तोंडावर मारता येईल. टेप लावली. लांब बाही — तेवीस. खात्री करायला परत लावली — सव्वीस. परत लावली, आणि मधेच आकडा निसटला. टेप जुनी आहे, ताणली गेली असणार. दुसरी काढली, कोरी. तिच्यावरही तेच.

खुर्ची टेबलाजवळ ओढून बसलो.

मग बोट लावलं. ठकी करते तसं. टेपवर एकेका इंचावर बोट टेकवत, मोठ्याने मोजत. एखाद्या गिऱ्हाइकाने बघितलं असतं तर हसून लोळलं असतं. चोवीस. परत केलं. चोवीस. आखूड बाही — एकवीस. परत एकवीस. आता वकिलाचं खरं माप काय होतं ते आठवायचं होतं. मी कारागिराला काय सांगितलं होतं? डोक्यात शोधलं. वकिलाची छाती शोधली, कंबर शोधली. मग इतरांची शोधली, जुन्या गिऱ्हाइकांची, सगळ्यांची. तिथे काहीच नव्हतं.

कात्री उचलली नाही. कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं, घरी आलो.

१७ सप्टेंबर

सकाळी ठकीला जवळ घेतलं. विचारलं, हा अभ्यास कुणाचा गं? तिने आधी आईच्या खोलीकडे बघितलं, मग माझ्या कानाला तोंड लावलं. "तुझा. डॉक्टरकाकांनी दिलाय. पण तुला सांगायचं नाही, तुला राग येतो ना."

म्हटलं, आणि तू खेळायला जात नाहीस ती?

"मी गेले तर तुला कोण शिकवणार?"

किल्ली ड्रॉवरमध्ये ठेवून आलो. बटणांचा डबा पुढे ओढला, उजव्या हाताने एक उचललं. ओलं होतं. पुसलं नाही.