चार फेऱ्या

४ ऑगस्ट

पाच मिनिटं चालायची परवानगी मिळाली. चालायची! तेवीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, आणि आता बाल्कनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. व्हॉलीबॉलचा खांब डोक्यात पडला त्याला सहा आठवडे झाले. कवटी शाबूत, मेंदूला मुका मार. फिजिओवाली म्हणाली, "डोकं ठणकलं की तिथंच थांबायचं. हट्ट नाही." चौथ्या मिनिटाला फरशी हलली. हे हात धरायला आले, मी झिडकारलं. मेलं कसलं जिणं हे.

६ ऑगस्ट

पाच मिनिटं. उलटी.

११ ऑगस्ट

सात मिनिटं. नंतर कुकरची शिट्टी झाली आणि मी सासूबाईंवर ओरडले. त्या बिचाऱ्यांनी गॅस बंद केला. मुख्याध्यापकांचा फोन — एक तारखेपर्यंत मैदानावर उभ्या राहिला नाहीत तर दुसरं कोणी बघावं लागेल. जाऊबाई भेटायला आल्या होत्या. "दिसतेस तर ठणठणीत. नाटकं तर नाहीत ना?" हसत म्हणाल्या, पण म्हणाल्या.

हा शब्द माझा आहे. रोज वापरायचे मी.

१२ ऑगस्ट

सातवीतली ती दोन वेण्यांची मुलगी. गेल्या वर्षी झेल घेताना ही आणि वर्गातली दुसरी एक एकमेकींवर आदळल्या. तिसऱ्या दिवशी ही मैदानाच्या कडेला बसलेली. "बाई, डोकं दुखतंय. शिट्टी नका ना वाजवू." सगळ्या वर्गासमोर म्हणाले, नाटकं करू नकोस. वर चार फेऱ्या. तिसरीत पडली. मग शाळेत आलीच नाही. वडिलांची बदली झाली, असं मी सगळ्यांना सांगितलं. मला कोणी सांगितलं होतं? आठवत नाही. आणि याचं खापर खांबावर फोडता येणार नाही.

१९ ऑगस्ट

दहा मिनिटं, डोकं न दुखता. शाळेत रुजू व्हायचं सर्टिफिकेट मिळणार. फिजिओवालीला विचारलं, डोक्याला मार लागलेल्या मुलीला लगेच पळायला लावलं तर? "कोणी लावलं?" असंच विचारलं, मी म्हणाले.

शाळेच्या क्लार्ककडून पत्ता काढला. बदली कसली, दोन गल्ल्या पलीकडे आहेत.

२१ ऑगस्ट

गेले. घरात सगळे पडदे ओढलेले. तिच्या आईनं ओळखलं, खुर्ची दिली, हळू बोला म्हणाली. मग म्हणाली, "त्या दिवशी तिला शाळेतून न्यायला आले तेव्हा तुम्ही म्हणालात काही झालेलं नाही, म्हणून आम्ही महिनाभर डॉक्टरांना दाखवलंच नाही. उलट तिलाच रागावलो."