तुझ्या तळहातावरचा तो

अव्वा, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की वयानं मी आता तुझ्याही पुढं गेले. तरी एक राग काही जात नाही, तो आज सांगूनच टाकते. मला तुझ्या देवाचा हेवा वाटायचा. वाटायचा कसला, वाटतो.

तीस साल उजाडायचं होतं, मी आठ-नऊ वर्षांची असेन. सोलापुरातली आपली दोन खोल्यांची जागा, गिरणीचा पहिला भोंगा होऊन गेलेला, आणि चुलीपाशी तू ओल्या केसांनी बसलेली. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढतेस, डाव्या तळहातावर ठेवतेस, भस्म लावतेस, बेलाचं पान वाहतेस आणि बघत बसतेस. काय ते बघणं! पोटच्या पोरीकडं, माझ्याकडं, कधी तसं बघितलं नाहीस. माझी वेणी घालताना तुझं लक्ष तव्यावर, मला वाढताना अप्पांच्या डब्यावर. लिंग माझ्याही गळ्यात होतं, मीही ते तळहातावर घेऊन डोळे फाडफाडून बघायची. मला काळा गुळगुळीत गोळा दिसायचा, बाकी काही नाही. शेवटी एक दिवस हटूनच बसले. "अव्वा, तुझ्यातला देव चांगला हाय. आपण बदलू या. तुझा मला दे."

केवढी दचकलीस तू! मूठ छातीशी घट्ट धरलीस, मी हिसकावूनच घेणार होते जणू. "अय्यय्यो, येडी का खुळी तू? ज्याचं त्येनं सांभाळायचं असतंय. परत असं बोललीस तर बघ." मला वाटलं, सगळं देते, हे तेवढं देत नाही.

अप्पा गिरणीत कारकून. त्यांनी समजूत घातली, एवढी गिरणी चालते म्हणजे मालक असणारच, तसंच जगाचं. मी विचारलं, मग मालकाला कुणी नेमलं? अप्पा टोपी शोधायला लागले. पुढं मी ट्रेनिंग कॉलेजात शिकून आले तेव्हा तर मुद्द्यांची पेटीच घेऊन आले. तुझ्या देवाला एकदाचं तुझ्यासमोर खोटं पाडायचं होतं, दुसरं काय! तू भाकरी थापत होतीस.

"देव हाय हे कशावरनं, अव्वा?"

तू मान वर न करता म्हणालीस, "भूक लागली हे तुला कशावरनं कळतंय?"

"पोटात कळतंय."

"मग? मलाबी आतनंच कळतंय की."

आणि भाकरी उलटलीस. मला उत्तरं सुचली नाहीत असं नाही, लई सुचली. पण तुझ्या चेहऱ्यावर सकाळचंच ते सुख होतं, आणि ते माझ्यामुळं नव्हतं.

तू गेलीस तेव्हा आपल्या लिंगायत रीतीनं पुरायला तुला बसवलं. स्वामींनी लिंग तुझ्या डाव्या तळहातावर ठेवलं. बोटं मिटेनात. "लेकीनं मिटवावीत," कुणीतरी म्हणालं. मी मिटवली, एकेक करून, त्याच्यावर. रडू आलं ते तुझ्यासाठीच, पण जळफळाटही होताच. मी मागं राहिले आणि तो तुझ्याबरोबर मातीत गेला.

माझे मुद्दे अजून शाबूत आहेत, अव्वा. त्यातला एकही त्याच्या बाजूचा नाही. पण जन्मभर ज्याच्यावर जळले तो नव्हताच, असं काही माझ्यानं म्हणवत नाही. पत्र लिहून झालं. तुझा ठावठिकाणा ठाऊक असलेला तो एकटाच, आणि त्याच्या हाती मी हे देणार नाही.