मार्गिताच्या घराची नोटीस

४ ऑक्टोबर २०१३

पुन्हा तेच! जुम्याची नमाज आटोपून बाहेर पडलो तर तिघांनी गाठलं. "हाजीसाहेब, तुमच्या भाडेकरूंना काढा आता. शेफील्डमध्ये दुसरं कुणी मिळालं नाही का?"

भाडेकरू म्हणजे आमच्या शेजारच्या घरातले स्लोव्हाकियाहून आलेले रोमा, जिप्सी लोक — मार्गिता, तिचा नवरा डेझिडर, मुलं, सुना, नातवंडं. गुन्हा काय, तर संध्याकाळी रस्त्यावर उभे राहून गप्पा मारतात. कचऱ्याचे डबे ओसंडतात हे मात्र खरं. त्यावर मीही चिडतो.

जेवताना माझा मुलगा इम्तियाज म्हणाला, "अब्बाजी, एका घरात किती माणसं कोंबलीत! ही काय राहायची रीत झाली?" डाळ ओरपत राहिलो.

५ ऑक्टोबर

रीत म्हणे! तरुणपणी त्याच घरात आम्ही पाकिस्तानातल्या मीरपूरची पोरं राहायचो. सगळे पोलादाच्या कारखान्यातले. खाटा कमी, माणसं जास्त. रातपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याला उठवायचा आणि त्याच्याच ऊबदार अंथरुणात शिरायचा. थंडीत तेवढीच चैन. रविवारी आमच्यातला करामत रोट्या भाजायचा, जाड, एका बाजूने करपलेल्या. मग सगळे बाहेर रस्त्यावर, आत जागा कुठे होती? समोरची गोरी बाई पडदा सारून बघत राहायची.

फार आठवण येते. तसं हसणं पुन्हा झालंच नाही.

९ ऑक्टोबर

इम्तियाजने वकिलाकडून घर खाली करायची नोटीस करून आणली. घर आम्हा दोघांच्या नावावर. "पहिली सही तुमची," म्हणाला. मोठा मान दिला!

११ ऑक्टोबर

कालपासून शेजारी ही गर्दी. पत्ते, हशा. माझं डोकं फिरलं. संध्याकाळी नोटीस खिशात घालून तडक गेलो. दार उघडंच होतं.

खोलीच्या मधोमध शवपेटी. आत डेझिडर. आणि भोवती पत्त्यांचा डाव!

"मयताच्या घरी पत्ते? लाज नाही वाटत?" मी ओरडलो.

मार्गिता उठली. डोळे सुजलेले. "पुरायला नेईपर्यंत त्याला एकटं सोडायचं नसतं, बाबा. डोळाही लागू द्यायचा नाही. म्हणून पत्ते, म्हणून त्याचेच किस्से. बसा ना."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. बसलो. डेझिडर म्हणे स्वतःच्या लग्नात इतका नाचला की बुटाचा तळ निघाला, अनवाणीच बायको घरी आणली. मला हसू फुटलं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

करामतही त्याच खोलीत वारला. आम्ही असेच रस्ताभर जमलो होतो, आणि समोरच्या बाईने दंगल समजून पोलीस बोलावले होते. मार्गिताला ते सांगितलं. तिने माझ्यासाठी चहा टाकला.

सही केली नाही.

१३ ऑक्टोबर

वस्तीची सभा. इम्तियाज झकास बोलला. "इथल्या रीतीने राहता येत नसेल तर आपल्या गावी परत जा!" टाळ्यांचा कडकडाट. गोरेही टाळ्या पिटत होते.

कारखान्याच्या फाटकावर गोऱ्यांकडून हेच ऐकून घेत मी कामावर जायचो. ते अंगाला लावून घेतलं नव्हतं. पोटच्या पोराच्या तोंडून ऐकताना रडू आलं.

घरी येऊन म्हणाला, "तुम्ही सही करत नाही ना? वकील म्हणतो एका मालकाची सही पुरते. मग उद्या मी एकटा करतो."

१४ ऑक्टोबर

बिछाना आणि कपड्यांची पेटी शेजारी हलवली. मार्गिताने खालची खोली मोकळी करून दिली. आता त्यांना काढायचं तर इम्तियाजला बापालाही रस्त्यावर काढावं लागेल.