चुकलं तर पहिल्यापासून

गुरुजी, तुमच्यावर रागवायला मला सत्तरी ओलांडावी लागली. तुम्ही जाऊनही आता इतकी वर्षं झाली की या रागाचं तुम्हाला काही नाही. पण मला आहे. आपल्या शाळेच्या खिडकीतून तुरीचं शेत दिसायचं आणि त्याच्या पलीकडे कुठंतरी माझा बाप विहिरीत उतरलेला असायचा. विहिरी खोदणाऱ्यांच्या टोळीत होता तो. सुरुंगाचा आवाज आला की माझ्या मनात बाप मरायचा. रोज. त्या दिवशी तुम्ही नांगरामागं चालणाऱ्या बगळ्यांची कविता चालीवर शिकवत होता, सगळा वर्ग डोलत होता, आणि आवाज आला. मी रडायला लागलो. तुम्ही मला व्हरांड्यात नेलंत, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलंत.

"काहून रडून राह्यला बे?"

"बाबा इहिरीत हाये."

"हीच कविता मनातल्या मनात म्हन. पुरी म्हन. शेवटच्या ओळीपर्यंत गेला की तुह्या बापाले काई होत नाई."

"आन् चुकलो त?"

"मंग पहिल्यापासून," तुम्ही लगेच म्हणालात.

संध्याकाळी बाप घरी आला, केसांत दगडाची भुकटी, आणि आईजवळ भाकर मागितली. मी चुलीशी बसून त्याच्याकडे पाहतोय आणि मला वाटतंय, याला मी वाचवलं. इतकी मोठी भेट तोवर मला कुणी दिली नव्हती.

ती भेट मी आयुष्यभर वापरली. बाप म्हातारा होऊन खाटेवरच वारला तरी कविता सुटली नाही. तिला दुसरी माणसं मिळाली. मानोऱ्याला कचेरीत नोकरी होती, तेव्हा घरचा गॅस, बायको, पोरीची शाळा, एसटीचे ब्रेक, सगळं मीच त्या कवितेवर तोलून धरलेलं. एखादा शब्द मागेपुढे झाला की पहिल्यापासून. मग गाडी सुटली तरी सुटू दे. पोरीच्या लग्नात अक्षता पडत होत्या आणि मी तिसऱ्या कडव्यात अडकलो होतो. तिच्या डोक्यावर अक्षता टाकल्याचं मला आठवत नाही. आणि बगळे? ज्यांचं पांढरेपण सांगताना तुम्ही डोळे मिटायचात, ते मला दिसेनासेच झाले. उरले नुसते शब्द, विटांसारखे एकावर एक.

शेवटी बायकोनंच मला वाशीमला नेलं. तिथली समुपदेशक माझ्या पोरीपेक्षा लहान. सगळं ऐकून म्हणाली, "आबा, कविताच तुमची भीती पोसून राह्यली. भीती आली त येऊ द्या. पाव्हण्यासारखी बसू द्या, फक्त चहा नका विचारू. कंटाळून जाते आपोआप." कविता दुसऱ्या ओळीवर अर्धवट सोडायची, हा अभ्यास दिला. सुरुवातीला अंगाला घाम फुटायचा. मी बायकोजवळ चिडचिड केली, कालची पोरगी, तिला काय माहीत आमचे गुरुजी कोण होते!

मग मेडशीला एका लग्नात तुमची मुलगी भेटली. तीही आता आजी. जेवणं झाल्यावर मी तुमच्या चालीचं कौतुक करायला लागलो, तर ती हसायलाच लागली. "भाऊ, बाबाचं काय सांगू! शाळेत जायले निघाले की फाटकातून वापस याचे, कुलूप ओढून पाहाचे, ओठ हालूनच राह्यले. आई वरडे, 'झाली का तुमची कविता? का पुन्हा पहिल्यापासून?' दवाखान्यात शेवटच्या दिवशीबी तेच."

मला हसता आलं नाही. म्हणून तुमचं उत्तर इतकं लगेच आलं होतं. तो नियम तुम्ही माझ्यासाठी शोधला नव्हता, तो तुमच्याच खिशातला होता. हे औषध लागू पडत नाही हे तुम्हाला रोज सकाळी फाटकाशी कळत होतं, आणि तेच तुम्ही एका लेकराच्या तोंडात घातलंत. न कळून दिलं असतं तर मी माफ केलं असतं. निदान एवढं तरी म्हणायचं होतंत, बाप्पा, मलेबी भेव वाटते. मी एकटा उरलो नसतो. तुम्ही खडू घेऊन फळ्याशी उभे, मी पहिल्या बाकावर, दोघांचेही ओठ हलतायत, आणि तुम्ही माझ्याकडे पाहताय. कळत होतं ना तुम्हाला?

काल बायको डोळे दाखवायला एकटीच वाशीमला गेली. फोन लागेना. भीती आली, बसली. मी दुसऱ्या ओळीवर कविता सोडली आणि तुरीच्या शेंगा सोलत राहिलो. टोपलं भरत आलं, तेव्हा ध्यानात आलं की भीती कधीच उठून गेली होती. बायको आली, हातपाय धुऊन आत गेली. मग, काही कारण नसताना, मी कविता मोठ्यानं म्हटली, तुमच्याच चालीवर. कितीतरी वर्षांनी ती मला नुसती कविता वाटली.

"आता कायचं भेव वाटलं?" बायकोनं आतून विचारलं.

"कायचंच नाई. चांगली हाये म्हनून."

"मंग आवाज तरी चांगला लावा!"

शेवटच्या कडव्यात एक शब्द चुकला. मी तो तसाच ठेवला. हे पत्र कुठं टाकायचं नाही, टाकणार तरी कुठं? पण खरं सांगतो, गुरुजी, आज सकाळी कागद पुढं ओढला तो नुसत्या रागानं नाही. तो शब्द कालपासून दाढेत अडकल्यासारखा टोचतोय, आणि ओठ पुन्हा हलू नयेत म्हणून मी हात गुंतवून ठेवलेत.