मागच्या खोलीतली शक्ती

४ मार्च, सोमवार
आजपासून मागची खोली अतींद्रिय शक्तींचा शोध घेणाऱ्या आमच्या मंडळाच्या ताब्यात. बायकोला सकाळीच बजावलं, तुझं शिलाई मशीन पॅसेजमध्ये हलव. म्हणाली, पॅसेजमध्ये उजेड नाही, पडद्यांची मोठी ऑर्डर आहे. मी म्हटलं, संशोधनापुढे पडदे थांबू शकतात. यावर गप्प बसली. पटलं असावं.

या घरात काहीतरी आहे, आणि त्याचं मूळ त्या खोलीत आहे, हे मी कधीपासून सांगतोय. वस्तू आपोआप जागा बदलतात. पलंगावर टाकलेला शर्ट खुंटीवर जातो. खिडकीत ठेवलेला कप नाहीसा होतो आणि स्वच्छ होऊन फळीवर प्रकट होतो. मी हे बायकोला समजावून सांगतो तेव्हा ती माझ्याकडे नुसती बघत राहते. भीती वाटत असेल.

६ मार्च, बुधवार
मंडळाची बैठक. अध्यक्ष मी. सभासद दोन. एक मीटरवाला. हा फ्रिज दुरुस्त करतो आणि एक काटेवालं मीटर घेऊन भुतं शोधतो. दुसरे रिटायर्ड पोस्टमास्तर, त्यांना कमी ऐकू येतं, पण माणूस समजूतदार.

मीटरवाल्याने नेहमीप्रमाणे फाटे फोडले. म्हणे, जागेपणी, शुद्धीत राहून मोजमाप करू. मी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. जागं मन म्हणजे डाग पडलेला चष्मा. चष्म्याच्या दुकानात माझी उभी हयात गेली, डाग कशाला म्हणतात ते मला कळतं. अतींद्रिय गोष्ट बघायची तर जाणिवेची पातळीच बदलायला हवी. पोस्टमास्तरांनी मान डोलावली. ठराव बहुमताने मंजूर. मीटरवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

१० मार्च, रविवार
पहिला प्रयोग. जोरजोरात श्वास घेऊन तंद्री लावायची. मुंग्या आल्या, खोली फिरली, आणि मी थेट कपाटावर जाऊन आपटलो. कपाळावर टेंगूळ. मीटरवाला म्हणाला की काटा हलला नाही, पण कपाट हललं. त्याला काढून टाकायला हवं. पण मग मंडळात मी आणि पोस्टमास्तरच उरतो.

बायको बर्फ घेऊन धावत आली. तिच्यावर ओरडलो. अवस्थेत असलेल्या माणसाला हात लावायचा नसतो, इतकं साधं कळत नाही. बर्फ मात्र ठेवून घेतला.

१३ मार्च, बुधवार
दुसरा प्रयोग: झोप तोडणे. थकलेल्या मेंदूचं दार आपोआप उघडतं.

दुकानात एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासायला घेतले. त्याला समोरचा तक्ता वाचायला सांगितला. त्याने सगळ्या ओळी वाचल्या, मग उलट्या वाचल्या, मग मालकाला बोलावून आणलं. मी स्टुलावर घोरत होतो म्हणे. शिवाय काल दिलेल्या एका चष्म्यात डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली गेली. बाईंना जिना दिसेना. मालक चारचौघांत वाट्टेल ते बोलला. संशोधकाचा छळ नेहमी अशाच लोकांनी केलाय. उद्यापासून त्याला गुड मॉर्निंग बंद.

१७ मार्च, रविवार
बायको भावाकडे गेली. कारण काय, तर पॅसेजमध्ये शिवून डोळे दुखतात. चष्मेवाल्याची बायको म्हणते डोळे दुखतात! नाटकं नुसती. मी एकदा तपासून द्यायला हवे होते असं कुजकटपणे म्हणाली. वेळ कुठे आहे मला?

मेहुणा टेम्पो घेऊन मशीन न्यायला आला. जाताना म्हणाला, भाऊजी, जरा विचार करा. टायर विकणारा माणूस मला विचार करायला सांगतो!

वहिनीशी तिचं फार वेळ पटायचं नाही. दोन दिवसांत परत येईल. मी फोन करणार नाही.

२१ मार्च, गुरुवार
चमत्कारिक निरीक्षण. रविवारपासून एकही वस्तू हललेली नाही. शर्ट टाकला तिथेच. टॉवेल टाकला तिथेच, आता त्याला वास येतो. फळीवर एकही कप प्रकट झालेला नाही. शेवटचा स्वच्छ कप आज सकाळी संपला.

शक्ती दबून बसली आहे. माझ्या तयारीचा धसका घेतला असणार.

बायकोचा फोन नाही. माझा पण नाही. बघू कोण आधी नमतं.

२२ मार्च, शुक्रवार
आता अचूक पद्धत हाती लागली. टेबल टेनिसचा चेंडू मधोमध कापायचा आणि दोन अर्ध्या वाट्या दोन डोळ्यांवर चिकटवायच्या. समोर लाल दिवा. कानांवर हेडफोन, त्यात दोन स्टेशनांच्या मधली रेडिओची खरखर. बाहेरचं काहीच दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि मन मोकळं होतं. वाट्यांच्या कडा दुकानातल्या मशीनवर घासून आणल्या. मालक बघत होता. बघू दे.

नियम मीच ठरवले. अवस्थेत जे जाणवेल ते मी मोठ्याने बोलणार. बाकीच्यांनी काहीही झालं तरी चकार शब्द काढायचा नाही आणि मला हात लावायचा नाही. मीटरवाल्याकडून तीनदा वदवून घेतलं.

२४ मार्च, रविवार, दुपार
यश! यश! यश!

सुरुवातीला नुसतं लाल धुकं. मग खोलीत कोणीतरी आलं. आलं म्हणजे आलंच, अंगावर काटा आला. कपाटाजवळ उभं राहिलं. मी बोलायला लागलो. स्त्री आहे. मध्यम वयाची. मशीनच्या तेलाचा वास येतोय. या घराला कित्येक वर्षं चिकटून बसलेली आहे. कुरकुरी, संशयी, माझ्या कामात सदैव आडवी येणारी. माझी प्रगती हिच्याचमुळे खुंटली! वाणीवर माझा ताबा राहिला नव्हता. शेवटी मी कडाडलो, तुझं इथे काहीएक काम नाही, चालती हो, पुन्हा या दारात दिसू नकोस.

आणि गेली! जाताना वाऱ्याची झुळूक गालाला लागली.

वाट्या काढल्या तर पोस्टमास्तर डोळे पुसत होते. भारावले असणार. मीटरवाला भिंतीकडे बघत होता. काटा किती हलला विचारलं तर म्हणाला, मीटर चालूच करायचं राहिलं. गाढव! इतिहास घडत होता आणि याने बटण दाबलं नाही.

२५ मार्च, सोमवार
पुरावाही मिळाला. कपाटातली मोठी कात्री आणि दोऱ्यांचा डबा अंतर्धान पावला. शक्ती जाताना लोखंड ओढून नेते असं माझं मत आहे. मीटरवाल्याला कळवलं. त्याने मंडळाचा राजीनामा दिला. मत्सर.

२८ मार्च, गुरुवार
दुकानाबाहेर मेहुण्याने गाठलं. एरवी हसतमुख असतो. आज नव्हता.

म्हणाला, रविवारी ताई आली होती. स्वतःच्या किल्लीने आत आली. पॅसेजमध्ये लावायला चांगला मोठा बल्ब घेऊन आली होती. पॅसेजमध्येच बसून शिवेन, पण आता घरी येते, हे सांगायला आली होती. तुम्ही खुर्चीत बसून बोलत होतात म्हणून कपाटाजवळ थांबली. सगळं ऐकलं. मग आलेच आहे तर म्हणून कात्री आणि दोरे उचलले. बल्ब परत नेला.

मी त्याला म्हटलं, मग त्या दोघांनी मला थांबवलं का नाही? तो म्हणाला, भाऊजी, तुमचाच नियम होता म्हणे.

सगळी चूक मीटरवाल्याची. साधं खाकरला असता तरी चाललं असतं.

२९ मार्च, शुक्रवार
फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. वहिनीने उचलला आणि सांगितलं, ताई कामात आहेत.

म्हणजे तिथे तिचं पटतंय.

३१ मार्च, रविवार
मेहुणा तिचे उरलेले कपडे न्यायला आला. मी वाद घातला नाही. बॅग मीच भरून दिली. तिचा चष्मा टेबलावर होता. काचांवर ओरखडे पडलेले, नंबर किती जुना कोण जाणे. दुकानात नेऊन नव्या काचा बसवतो म्हटलं. तो म्हणाला, नको, परवा तिने दुसरीकडून करून घेतला.

शुक्रवारी मग त्यालाच फोन करून तिच्यासाठी निरोप दिला होता, की त्या वेळी मी शुद्धीवर नव्हतो, ते बोलणं माझं धरू नकोस. तिला सांगितलंस का म्हणून विचारलं. म्हणाला, शब्दन्‌शब्द सांगितला.

मग काय म्हणाली?

त्याने बॅग उचलली. मग म्हणाला, भाऊजी, ती म्हणाली की शुद्धीवर असतानाही ते हेच बोलतात, त्याचं मला काही नवल नाही. पण डोळे झाकल्यावर का होईना, मी खोलीत आहे हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

तो बॅग घेऊन जिना उतरला. मी टेबलावरचा तिचा चष्मा घेतला आणि काचा पुसत बसलो.